ग्लेनला फोन लाव

पुण्याहून येऊन मालवणच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मासळीच्या टोपल्यांतून वाट काढत रिक्षा गाठली. रिक्षावाल्याने हँडलजवळ मोबाइल अडकवला होता. अरुंद वळणावर हात न काढताच तो ओरडला, "घरी फोन लाव." फोन लागलाही. बायकोशी मालवणीत बोलून झाल्यावर मोबाइलकडे बोट करून मला म्हणाला, "तेका आमची भास कळणा नाय. तेच्याशी पुस्तकी बोलाचा लागता!"

मला हसू आलं, पण मी अशाच एका फोनच्या कामासाठी निघाले होते. रोझी ही माझी डी.एड.ची मैत्रीण. मालवणातच शिक्षिका होती. आजाराने आधी तिच्या हातांतली ताकद गेली. मुलगा ग्लेन मस्कतला. मोबाइल उचलता येईना, तेव्हापासून ती नुसतं "ग्लेनला फोन लाव" म्हणायची आणि त्याच्याशी बोलायची. परवा तिचा नवरा इनास याचा फोन आला, "नंदाबाय, फोन बिघडलो हा. जरा येवन बघशात?"

रोझीच्या दारात माडांच्या सावलीतून समुद्राची गाज ऐकू येत होती. "इलास? येवा," म्हणत इनासने पिशवी घेतली. रोझी पडवीत खुर्चीत होती. मला पाहून तिचे डोळे भरून आले. गालाजवळच्या मोबाइलकडे वळून ती काहीतरी म्हणाली. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही.

"समजलं नाही, पुन्हा सांगा," मोबाइल म्हणाला.

मी म्हटलं, "ग्लेनला फोन लाव." लगेच रिंग जायला लागली. मी घाईने फोन कापला.

"बिघडलो ना?" इनासने विचारलं. रोझीनेच मान हलवली, नाही.

दुपारी इनासने बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं झणझणीत कालवण) वाढलं. रोझीला तो चमच्याने पेज (पातळ मऊ भात) भरवत होता. दर घोटाला थांबत होता.

जेवणानंतर आम्ही एकेक शब्द घेऊन बसलो. जीभ टाळ्याला लावावी लागेल असा कुठलाच शब्द तिला जमेना. शेवटी एकच शब्द मोबाइलला दरवेळी कळला. आई.

एकच शब्द, म्हणजे एकच नंबर. मी म्हटलं, "इनासचा घालू या. ते बागेत असताना हिला ठसका लागला तर?"

इनासने तिच्याकडे बघितलं. ती भिंतीवरच्या ग्लेनच्या फोटोकडे बघत होती.

"झिलाचोच (मुलाचाच) घाला," तो म्हणाला. "मी आता बागेत जावचंय नाय. हंयच (इथेच) आसंय."

मी ग्लेनचं नाव पुसून तिथे 'आई' लिहिलं आणि नुसत्या नावावर रिंग जाईल असं केलं. रोझीने दम घेतला आणि म्हणाली, "आई."

पलीकडून आवाज आला, "हां मम्मी! बोल गो. जेवलंस?"

तिला बोलता येईना. मग तोच सांगत राहिला, काय जेवला, खोलीत कोण नवीन आलं, किती गरम होतंय. ती डोळे मिटून ऐकत होती. इनास विहिरीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कुडाळची बस धरली. दोन्ही बाजूंना काजूची झाडं मागे पळत होती. मी मनाशी 'ग्लेन' म्हणून बघत होते. जीभ टाळ्याला किती सहज लागते. इतकी वर्षं मुलांना उच्चार शिकवले, पण हे कधी जाणवलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांनी इनासचा फोन आला. रोझी गेली होती.

"सकाळी पेज भरवी होतंय," तो सांगत होता. "एकदम 'आई' म्हणान हाक मारल्यान आणि डोळे मिटल्यान. झिलाक मारल्यान काय आपल्या आवशीक (आईला), माका कळाक नाय." मग म्हणाला, "फोन लागलो, नंदाबाय. ग्लेन आपलो सांगत रवलो, काय जेवलो, खंय गेल्लो. माका तेका थांबवूक जमला नाय."