डालगं कुणी उचललं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा हे ओठांवर आलं की चटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी झाले. तुम्हाला का सांगते आहे? — तेही नीट सांगता येणार नाही. गोष्ट कोंबड्यांची आहे. म्हणजे, सुरुवात कोंबड्यांची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. माझं माहेर कोल्हारचं, प्रवरेच्या काठचं, आणि सासर कर्जत तालुक्यातलं, जिथे हंडाभर पाण्याला अर्धा तास जायचा. मला कोरड्यात दिली याचं माझ्या भावाला वाईट वाटायचं बहुतेक. एकदा तो एसटीने आला तो मांडीवर झाकलेली पाटी घेऊन. पाटीत सहा तलंगा — पांढऱ्याशुभ्र, विलायती जातीच्या, अजून अंड्यावर न आलेल्या. आमच्या वस्तीवर तशी कोंबडी कुणी पाहिली नव्हती. माझी मान ताठ झाली. माहेरची कोंबडीसुद्धा शेजारणीच्या म्हशीपेक्षा मोठी दिसते, काय सांगू!

घरात तोवर कोंबडी एकच होती, कवडी. ती आत्यांची. आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. सासूबाई रानात आणि आत्या घरात, अशी वाटणी होती. चूल, दिवा, कणगीतलं धान्य, सगळं आत्यांच्या हाताखाली. कवडी म्हातारी, एका डोळ्याने अधू, पण अंगण जणू तिच्या बापाचं. मांजरसुद्धा तिला वळसा घालून जायचं.

नवी कोंबडी जुनीत एकदम सोडायची नाही, ही आत्यांची रीत. नऊ दिवस डालग्याखाली ठेवायची. डालगं म्हणजे तुरकाट्यांची विरळ विणलेली मोठी टोपली, जमिनीवर उपडी घालायची. त्याच्या कडेला आत्या ज्वारीच्या कण्या टाकायच्या — अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. तलंगा आतून टिपायच्या, कवडी बाहेरून. चोच मारली तरी लागायची नाही, आणि एका पंगतीला जेवल्यासारखी ओळख होत जायची. रोज दिवस मावळताना आत्या ते डालगं वीतभर खुराड्याकडे सरकवायच्या. म्हणायच्या, "घाई न्हाई करायची सूनबाई. वास एक झाला की वैर जातंय."

मी मान हलवायची. मनात मात्र — माझ्या भावाने आणलेल्या, माझ्या तलंगा, आणि नऊ दिवस टोपलीखाली? मला कवडीचा राग होता. की आत्यांचा? इथेच माझा गोंधळ होतो बघा. आत्या मला कधी वावगं बोलल्या नाहीत. पण त्या घरात मी काहीही करायला गेले की 'आत्यांना विचार' हे ठरलेलं. पीठ किती घेऊ, आत्यांना विचार. मीठ किती घालू, आत्यांना विचार.

आता मिठाचं निघालंच आहे तर तेही सांगायला हवं. त्याच महिन्यात आत्यांनी दोनदा आमटीत दुहेरी मीठ घातलं होतं. सासरे ताट सरकवून म्हणाले होते, "आक्का, समिंदर केलास की!" सगळे हसले. आत्याही हसल्या, पण जरा मागाहून. ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे रानात होते. आत्या पडवीत गोधडीवर झोपल्या होत्या. कानाने जरा कमी, त्यामुळे झोप गाढ. मी भाकऱ्या थापत होते, आणि दारातून डालगं दिसत होतं. अंगण सकाळीच सारवलेलं. त्या सहाजणी तिथे चालताना कशा दिसतील? — एवढंच मनात आलं. घटकाभर बघू, पुन्हा झाकू. मी तशीच उठले, पिठाच्या हाताने डालगं उचललं, बाजूला ठेवलं, आणि तव्यावरची भाकरी उलटायला आत आले.

फडफड ऐकून बाहेर धावले तर कवडीने एकीच्या तुऱ्यावर चोच मारलेली. एकदाच मारली हो, आणि म्हातारी बाजूलाही झाली. पण पांढऱ्या पिसांवर लाल थेंब दिसला मात्र, बाकीच्या पाचजणी, एका पाटीतून आलेल्या, तिच्यावर तुटून पडल्या. मला ते माहीतच नव्हतं — रक्त दिसलं की कोंबडी आपपर बघत नाही हे. मी सोडवेपर्यंत ती गेली. उरलेल्या कुंपणात घुसल्या.

सासूबाई रानातून आल्या तेव्हा मी मेलेली तलंग घेऊन उभी होते. "डालगं कुणी उचललं गं?" त्यांनी विचारलं. आणि मी म्हणाले, "आत्यांनी. मी भाकरी करीत हुते."

तोंडातून निघून गेलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तसं कसं म्हणू? डालग्यावर माझ्या पिठाची बोटं उमटली होती. ती मी सासूबाई यायच्या आधीच पदराने पुसली होती. मग ठरवून बोलले का? आणि ते मीठ — ते मला बोलण्याआधी आठवलं, की बोलल्यावर? याचा छडा मला अजून लागलेला नाही. लागला तर मी कोण ते कळेल, म्हणूनही लागत नसेल.

आत्या गोधडीवर उठून बसल्या होत्या. त्या माझ्यावर ओरडतील म्हणून मी अंग चोरलं. त्यांनी आधी स्वतःचे तळहात पाहिले. "म्या उचललं?" मग म्हणाल्या, "असंल बाई. कण्या टाकाया उठले असंन. आटवत न्हाई."

त्यांना कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं! सगळे मायेने वागले. चुलीपाशी आता सूनबाई बसेल, म्हणाले. दिवा लावू नका, कणगीकडे जाऊ नका, तुम्ही बसा. आत्या बसल्या. आधी घर चालवणारी बाई आता विचारायला लागली, "पानी पिऊ का गं? मगाशी पिले का मी?" कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आमच्या घरी राहिलं. मी चुलीपाशी बसले, मीठ माझ्या हातात आलं, आणि खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला ते आवडलंही.

कवडी आणि उरलेल्या पाचजणी महिन्याभरात एका खुराड्यात राहू लागल्या. त्यांचं मिटलं.

दोन वर्षांनी थंडीत आत्या अंथरुणाला खिळल्या. सकाळी मी त्यांना अंगणात उन्हाला बसवायची. असंच एकदा केस विंचरत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. डोळे अगदी स्वच्छ होते. म्हणाल्या, "पोरी, त्या दिशी मी उठलेच न्हवते. गोधडी अंगावर तशीच हुती. मला नीट आटवतंय. मी न्हाई ना उचललं डालगं?"

तेव्हा मला कशाची भीती होती? भाऊ रागावणार नव्हता, सासूबाई विसरल्या होत्या. त्यांना फक्त एक 'न्हाई' हवं होतं.

मी म्हणाले, "तुमीच उचललं हुतं आत्या."

"व्हय का," त्या म्हणाल्या. हात सोडला. मी वेणी घालून दिली. पुढे दोन महिने त्या होत्या, पण काही आठवतंय असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.