राणी कलर, हात चालव

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मी माझ्या मायला तोंडावरून नाही, पाठीवरून ओळखायचे. आसगावच्या बाहेर दुसऱ्याच्या बांधीत बाया ओळीने वाकलेल्या असायच्या, गुडघाभर चिखलात, हातात धानाचे पऱ्हे. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेल्या आम्हा पोरांना दिसायच्या त्या फक्त पाठी. कोणाची हिरवी, कोणाची पिवळी. मायची राणी रंगाची. भंडाऱ्याच्या बाजारात ती दुकानदाराला सांगायची, "भडक दाखव भाऊ, चांगला भडक." फिका रंग चिखलात लवकर मरतो आणि मग पोरांना माय सापडत नाही. आमच्याकडे भडक हा कौतुकाचा शब्द होता.

पण धुऱ्यावर आम्ही पोरंच नसायचो. मालकाचा दिवाणजीही छत्री घेऊन उभा असायचा. त्याला बायांची नावं माहीत नव्हती आणि लागतही नव्हती. "ए राणी कलर, हात चालव! झोपली का चिखलात?" हिरव्या-पिवळ्या साड्या बऱ्याच असत, त्यांच्यात शिव्या वाटल्या जात. राणी रंगाची एकटी माय, तिची शिवी तिलाच. एका वर्षी तिने ती साडी पेटीत टाकली आणि मातीच्या रंगाची नेसून गेली. दिवाणजीला ती दिसेनाशी झाली. आम्हालाही. माझी मोठी बहीण संगीता मला कडेवर घेऊन धुऱ्यावरून फिरत राहायची, आणि बाया जेवणासाठी पाठ सरळ करीपर्यंत मी रडत राहायचे. मायला ऐकू जायचं. ती पाठ वर करायची नाही.

पुढे ताई वाढली. उंच, काळीसावळी, दाट केसांची. बाया म्हणायच्या, "संगीता उठून दिसते बाप्पा." तोवर ठीक होतं. मग एका मंडईत शब्द बदलला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाळणे, मिठाई, घरोघर पाहुणे, आणि पाहुण्यांच्या चहाबरोबर सोयरिकीच्या गोष्टी. त्या मंडईत कोणीतरी म्हटलं, "पोट्टी डोयात भरते आता." उठून दिसते म्हटलं तर पोरगी आपल्या जागेवर उभी असते. डोयात, म्हणजे डोळ्यांत, भरते म्हटलं की बघणारा पुढे सरकलेला असतो. त्यानंतर एकच शब्द उरतो, नजरेत आली. तो बाबांच्या कानावर पडला आणि ताईची शाळा सुटली. तिला सिहोऱ्याच्या बाजूला देऊन टाकलं. अभ्यासात ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही, तसंच होतं.

माय शहाणी झाली. मला तिने मातीच्या रंगात वाढवलं. डोक्याला चपचपीत तेल, तपकिरी ड्रेस, मंडईच्या दिवशी घरात बंद. मी लोकांना दिसलेच नाही, म्हणून शिकले. भंडाऱ्याला एस.टी.ने जाऊन-येऊन बी.ए. झाले. आमच्या घरात, मायच्या माहेरी, बाबांच्या भावकीत, कुठेच कोणी माझ्याआधी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी सांगते तेव्हा लोक म्हणतात, किती मिरवते. मिरवते. मला दुसऱ्या कोणी मिरवलं नाही.

नोकरीसाठी पुण्याला निघताना भंडाऱ्याच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली होती, पुढे पुण्याची रेल्वे. बाबांनी खिडकीतून पिशवी आत दिली आणि दुसरीकडे पाहत उभे राहिले. माय खिडकीच्या दांडीला धरून म्हणाली, "तिकडं कोनाच्या नजरेत येऊ नको, शालू. मातीवानी राहा." गाडी सुटल्यावर मी मागे वळून पाहिलं. स्टँडवरच्या गर्दीत, धुळीत, त्या मातीच्या रंगाच्या साडीत, ती मला दिसली नाही.

आणि पुण्यात मला काम काय मिळालं? मोबाईलवरून साड्या विकणाऱ्या कंपनीत मराठी मजकूर लिहायचं. फोटोखाली दोन ओळी, बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे. दिसायचं नाही हे शिकून आलेल्या मुलीला पगार मिळू लागला तो वस्तू दिसाव्यात म्हणून.

पहिल्याच आठवड्यात राणी रंगाची, हिरव्या काठांची साडी आली. मी मनापासून लिहिलं, "खास भडक राणी रंग." आमच्या मॅडमनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हशा झाला. मॅडम हसतच म्हणाल्या, "अगं, भडक वाचून कोण विकत घेईल?"

"आमच्याकडे तेच मागतात."

"का? तुमच्याकडे लांबून दिसावं लागतं का?"

"हो," मी म्हटलं. "लांबूनच दिसावं लागतं."

त्यावर आणखी मोठा हशा झाला. त्यांना तो विनोद वाटला. मी समजावलं नाही. शब्द मात्र शिकले, कारण पोट त्याच्यावर होतं. आकर्षक हा बोथट शब्द, काहीच सुचलं नाही की टाकायचा. रंगाला उठावदार. दागिन्याला लक्षवेधी. काठ नजरेत भरतात, पण साडी डोळ्यांत भरते असं लिहायचं नाही, टोचल्यासारखं वाटतं. झगमगीत फक्त लग्नसराईत. आणि भडक कधीच नाही. मॅडम म्हणायच्या, एक भडक शब्द पूर्ण गठ्ठा गोदामात पाडून ठेवतो. त्यांचं खरं होतं. विक्रीचे आकडे त्याच दाखवायच्या, आणि आज माझ्या हाताखाली जी मुलं आहेत त्यांना मी हेच शिकवते.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत ताईचा फोन आला. तिची मुलगी प्राची अकरावीत होती. ताईचा आवाज खाली होता. "पोट्टी नजरेत येऊन राहिली म्हनते सासू. मंडईले पाहुने येऊन राहिले. आता बोलून ठेवतील, अठरा झाले का लगन. शिक्षन बंद म्हनतात." मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मले कोन विचारते?"

मी गेले. ताईच्या सासरच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर रस्त्यावर मंडईचे पाळणे, पिपाण्या. बघायला आलेला मुलगा कडेच्या खुर्चीत, त्याची मावशी मधल्या खुर्चीत, ऐसपैस बसलेली. प्राची चिवड्याच्या बशा घेऊन आली. अंगात राणी रंगाचा ड्रेस. कोणी घालायला सांगितला होता कोण जाणे. मावशीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले, आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुमी तं शिकलेल्या. पुन्यात राहता. तुमीच सांगा, पोरगी कशी आहे?"

सिहोऱ्याच्या त्या ओसरीवर शिकलेली मावशी म्हणजे शिक्का. मी उठावदार म्हटलं असतं तर त्याच दिवशी सुपारी फुटली असती. साधी आहे म्हटलं असतं तरी फुटली असती. विकणारे सगळे शब्द मला पाठ होते. न विकणारा एकच होता.

"भडक आहे," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"खोटं कायले बोलू? एक म्हटलं तं चार ऐकवते. काम सांगितलं तं पुस्तक घेऊन बसते. मोठ्यानं हसते, मोठ्यानं बोलते. सासू तिच्यापुढं टिकनार नाही. तुमचा पोरगा गरीब दिसते, म्हून सांगून राहिली."

मावशीबाईंनी चहा अर्धा ठेवला. ताईची सासू ओरडली, "काहून बोलून राहिली व तू असं? घरचीच पोरगी ना?" प्राची बशा हातात धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी पुन्हा कोणाची पाहू नये. ती उभ्या आयुष्यात कोणाला उलट बोललेली नव्हती.

पाहुणे उठून मंडईत गेले आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. अंधार पडायच्या आत गावभर झाला.

ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "माह्या पोरीले बाजारात उभी करून नाव ठेवलं तुनं."

"ठेवलं. बाजारात उभी तुमी केली."

तिने हातातली बशी घासायला घेतली. घासत राहिली. मग पाठ न वळवता म्हणाली, "माह्या वेळेस काहून नाही म्हटलं कोनी?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. फोन प्राची उचलते.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता शालू पुण्याला जाऊन निर्दय झाली. निर्दय मी धुऱ्यावर झाले, तुमच्यादेखत. त्या मंडईनंतर प्राचीला स्थळ आलं नाही. पुढच्या मंडईतही नाही. शेजारणी तिला पाहून पदर सावरतात, मावशीवर गेली म्हणतात. मी हे ऐकते आणि मला वाईट वाटत नाही. गठ्ठा गोदामात राहिला, आणि तो गठ्ठा अकरावीतून बारावीत गेला. एकदा तिने फोनवर विचारलं, "मावशी, मी खरंच तशी आहे का?" मी म्हटलं, "अजून नाही. व्हावं लागंल."

यंदा रोवण्यात मी आसगावला गेले. दिवाणजी कधीचा मेला. मालकाच्या मुलाला कोण बाई कुठे वाकली आहे याच्याशी देणंघेणं नाही, तो मोबाईल पाहत बसतो. मायला मी राणी रंगाची साडी पाठवली होती, पुण्यातली, उठावदार. ती पेटीत आहे. माय अजून मातीचीच नेसते. मी धुऱ्यावर उभी राहून ती ओळ पुन्हा पुन्हा पाहिली आणि मला माझी माय ओळखता आली नाही. घर म्हटलं की आता मला हीच जागा आठवते, जिथे आपलं माणूस समोर असतं आणि शोधावं लागतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने पाठ सरळ करीपर्यंत मी थांबले.

प्राची बारावी पास झाली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी ती दुसरी.