मोंदूझकाकांची अर्धी बाटली

इथे परदेशात, अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी कंपूत पॉटलकला कोणी मसालेभात आणतं, कोणी भरली वांगी. मोंदूझकाका मात्र कायम वाइनची बाटली आणत, तीही ओल्या पंच्यात गुंडाळून. फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीत साव्हुआ नावाचा प्रांत आहे. तिथल्या मोंदूझ द्राक्षांची ही रेड वाइन. काकांचं खरं आडनाव आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं.

"रेड वाइन म्हणजे काय आमटी आहे, कोमट करून प्यायला? जरा गारच हवी," म्हणत ते प्रत्येकाला दोन घोट ओतत. "आधी वास घ्या. काळी मिरी येतेय? मागून करवंद?" आमच्या नाकाला फक्त वांग्यांचा वास येई. "काका, हिला साखर लागेल यार," असं कोणीतरी म्हणेच आणि व्हिस्कीकडे वळे. काका हसत, उरलेली बाटली पंच्यात गुंडाळून घरी नेत.

एकदा मी म्हटलं, "काका, घरीच निवांत प्या ना. आमच्यावर कशाला वेस्ट करता?"

"बाटली दोघांची असते रे," ते म्हणाले. ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी ते आणि काकू एक हिवाळा त्या डोंगरांत राहिले होते. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा वाइन घेतली ती तिथे, आणि अर्धी बाटली संपवली. "ती गेल्यापासून तिचा अर्धा वाटा कोणी घेतच नाही." हेही त्यांनी हसतच सांगितलं. मला मात्र फार वाईट वाटलं.

मग आमच्या घरचा तो गाजलेला गोंधळ. वाइनला हवा लागावी म्हणून काकांनी ती स्टीलच्या तांब्यात ओतून ओट्यावर ठेवली. शेजारी तसल्याच तांब्यात कोकमाचं आगळ. माझी बायको रश्मी रत्नागिरीची, सोलकढीत तिचा हात धरणारं कोणी नाही. पण घाईत तिने नारळाच्या दुधात भलताच तांब्या रिकामा केला. नशीब, मुलं पिझ्झावर होती. मोठ्यांनी कढी बघता बघता संपवली, वर "रेसिपी शेअर कर गं" म्हणून रश्मीच्या मागे लागले. काकांनी पहिल्याच घोटाला ओळखलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि म्हणाले, "संपली एकदाची, पण कढीत!"

पुढे काका कायमचे मुलीकडे, दुसऱ्या राज्यात अर्विंगला निघाले. निघण्याआधी आमच्याकडे जेवायला आले, अर्थात बाटली आणि पंच्यासकट. रश्मीने आधी वास घेतला, ग्लास संपवला आणि स्वतःच बाटली उचलून दुसरा भरला. "काका, मिरी येतेय हो खरंच!" काका तिच्याकडे बघतच राहिले. जेवण होईपर्यंत तिने तिचा अर्धा वाटा पुरा केला होता. काकांनी त्या रात्री भात दोनदा मागून घेतला.

जाताना त्यांनी आठवण म्हणून ती बाटली मागितली. "रिकामी कशी देऊ?" म्हणत रश्मीने ती धुतली, पुसली आणि आगळाने भरून दिली.

काल अर्विंगहून फोन आला. माझी चौकशीही न करता त्यांनी रश्मीला बोलावलं.

"आगळ संपलं गं. दिवाळीला तिकडे येतोय. मी तरी रिकामी कशी परत देऊ? भरलेली आणतो. अर्धी तुझी."