निखाऱ्यांखालचा खिमा

जो खिमा मी फक्त चुलीवरून खाली उतरवला होता, तो मीच केला असं मी चारचौघांत सांगितलं. याला मी बरेच दिवस चूक म्हणत आलो, पण ती चोरी होती. ज्यांचं चोरलं त्या माझ्या वहिनी, थोरल्या भावाची बायको, त्या वेळी भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होत्या.

आमचं घर सणसरच्या शिवारात, उसाच्या मळ्यात. भाऊ शेती बघतो. मी बारामतीत नोकरी करतो आणि रविवारी गावी येतो. स्वयंपाकघरातच देवघर असल्यामुळे मटण आत शिजत नाही. त्याची भांडी वेगळी, पडवीत टांगलेली, आणि त्याची चूल मागच्या अंगणात. ही बाहेरची चूल आमच्याकडे गड्यांची, म्हणजे घरच्या पुरुषांची. रस्सा त्यांनी करायचा, बायकांनी आत भाकऱ्या बघायच्या. या रिवाजाला अपवाद एकच, वहिनींचा खिमा.

त्यांचं माहेर मोरगावच्या बाजूचं, कोरडवाहू. तिथं घरोघरी शेरडं. बोकड कापला की चांगले तुकडे पाहुण्यांच्या ताटात जायचे. उरलेलं बारीकसारीक त्यांची आई सत्तूरनं बारीक करून निखाऱ्यांवर भाजायची. वहिनी आजही यंत्रातला खिमा घेत नाहीत. "मिशिनीत त्याचा चिखल हुतो," म्हणतात. लाकडी ठोकळ्यावर त्यांचा सत्तूर चालू असला की कुणी मध्ये बोलत नाही.

मग कांदा, आलं-लसूण, भाजलेलं खोबरं, घरचा काळा मसाला. खिमा परतून कोरडा होत आला की त्यात ज्वारीची शिळी भाकरी, मटणाच्या अळणी पाण्यात भिजवून कुस्करलेली. तेल लावलेल्या बिडाच्या कढईत हे सगळं हातानं दाबून बसवायचं आणि वरून हळद-मीठ घालून फेटलेली अंडी ओतायची. कढईवर ताट. खाली थोडे निखारे, ताटावर जास्त. लाकूड बाभळीचंच. मळ्यात उसाचं पाचट रग्गड असतं, म्हणून एकदा मी त्याचा भारा आणून टाकला. ऑफिसातल्या साहेबांच्या ओरडण्याच्या माझ्या तक्रारी वहिनींनी ऐकलेल्या. त्यांनी तो भारा पायानंच बाजूला सारला. "भावजी, हे तुमच्या सायबासारखं हाय. नुसता जाळ. निखारा न्हाय."

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. निखारे रचले की त्या आत निघून जातात. ताट उचलून बघणं नाही. आतूनच त्यांना वासावरून कळतं. आधी अंड्याचा कच्चा वास, मग मसाल्याचा, आणि शेवटी तळ खरपूस होत असल्याचा. मी चुलीजवळ बसून हे वास वेगळे करून बघितले आहेत. मला एकच वास येतो, तो भुकेचा.

गेल्या थंडीत ऑफिसातले साहेब आणि दोघे-तिघे सहकारी मळ्यावर जेवायला आले. वहिनींनी आतून "उतरवा आता" म्हटलं आणि मी कढई उतरवली. वड्या पाडल्यावर वरचा अंड्याचा थर पिवळाधमक, मधला ओलसर, खालची कड कुरकुरीत. साहेबांनी पहिला घास घेतला आणि वडी उलटून तिची कड बघितली.

"हे कुणी केलं?"

माझ्या हातात उलथणं होतं. मी म्हणालो, "मीच. बाहेरची चूल आमच्याकडे गड्यांकडं असते."

"हात आहे हो तुम्हाला."

"सवय, साहेब. निखाऱ्याचा अंदाज लागतो."

आत भाकरीची थाप थांबली, क्षणभरच, आणि पुन्हा सुरू झाली. भावानं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या उचलून पुढं गेला.

पुढच्या रविवारी मी मटण घेऊन आलो आणि वहिनींना खिम्याचं विचारलं. त्या हसल्या. "मी कशाला? तुमीच करा की भावजी. हात हाय म्हणं तुमाला."

मला ती चेष्टा वाटली. पण उन्हाळा संपला तरी बिडाची कढई पडवीतून खाली आली नाही. बाकी सगळं व्हायचं, मला वाढायचंही पूर्वीसारखंच प्रेमानं. फक्त खिमा नाही. एकदा बांधावर भाऊ म्हणाला, "तिची आई गेली, घर भावांनी वाटून घेतलं. म्हायेरचं म्हणून तेवढंच उरलं हुतं तिच्याकडं. तेबी तू घिऊन बसलास." मग म्हणाला, "आणि पाव्हण्यांम्होरं माझंबी तोंड बंद केलंस."

शेवटी मीच ती कढई काढून खिमा करून बघितला. वाटलं, आयता समोर ठेवला की त्या विरघळतील. सारखं ताट उचलत राहिलो, राख आत पडली, वरचं अंडं कोळसा आणि खालचा खिमा ओला. वहिनी येऊन बघून गेल्या. "कुत्र्याला घाला, पर जरा निवू द्या. बिचाऱ्याचं तोंड पोळंल." त्या दिवशी मला कळलं की मी किती मोठी गोष्ट एका वाक्यात स्वतःच्या नावावर केली होती.

आखाडात, श्रावण तोंडावर आलेला असताना, तीच मंडळी पुन्हा जेवायला आली. मी साधा रस्सा केला होता. जेवता जेवता साहेबांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "तुमचा तो खिमा कुठाय? आम्ही त्याच्यासाठी आलोय."

वेळ झाला नाही, मटण चांगलं मिळालं नाही, असं काहीही सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"साहेब, तो माझा नव्हता," मी म्हणालो. "मी नुसती कढई उतरवली. वहिनींनी केला होता, त्यांच्या आईच्या पद्धतीनं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मी ताटावरून उठलो. हात मटणाचा, म्हणून स्वयंपाकघरात जाता येईना. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. भाकरीची थाप थांबली होती. वहिनींनी पिठाचे हात तसेच ठेवून मान वर केली.

"वहिनी," अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणालो, "तुमच्या आईचा खिमा मी माझा म्हणून सांगितला. चुकलं माझं. मला माफ करा."