कैरीच्या वासाचा गोडलिंब

धम्मानंद निवांत बसला आहे, असं त्याच्या बायकोने, मनिषाने, फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलं, आणि त्या फोटोतही त्याचा एक पाय हललेला आला आहे. लातूरच्या दोन कॉलेजांत तो तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवतो. एका कॉलेजातला तास संपला की दुसऱ्याकडे गाडी दामटायची, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. कायमची नोकरी मिळाली असती तर माणूस जरा स्थिरावला असता, असं सहकारी म्हणतात. त्यात काही तथ्य नाही. रेणापूर तालुक्यातल्या वस्तीवर पोरगा होता तेव्हाही तो पंगतीत भात यायच्या आत उठायचा. त्याची आई सुमनबाई तर सांगते, "पोटात व्हता तवाबी लाथाच मारायचा. आता काय बसतंय ते!"

अशा माणसाने चाळिशीला टेकल्यावर पीएचडीला नाव घातलं, आणि विषय घेतला गोडलिंबाचा. गोडलिंब म्हणजे आपला कढीपत्ता. भाजीवाली कोथिंबिरीवर फुकट टाकते तो, आणि जेवताना आपण ताटाच्या कडेला सारतो तो. लोक हसले. खाजा नावाचा त्याचा शाळेतला दोस्त, जो आता जेसीबी चालवतो, तो म्हणाला, "सर, पुढच्या बारीला मिठावर करा."

धम्मानंदला हसण्याचं काही वाटलं नाही, कारण त्याला जे कळलं होतं ते या हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बाजारातला कढीपत्ता सगळा एका वासाचा, कारण रोपवाटिकांनी चांगल्या वासाचं एक झाड धरलं आणि तेच वाढवत नेलं. रानातली गोष्ट वेगळी. तिथे बुलबुल पिकलं फळ खातात, बी कुठेतरी टाकतात, आणि प्रत्येक बी आपला वेगळा स्वभाव घेऊन उगवतं. किनवटच्या जंगलापासून बालाघाटाच्या माळांपर्यंत तो मोटारसायकलवर हिंडला. एका झुडपाच्या पानाला लवंगेचा वास, शेजारच्याला नुसता कडवटपणा, तिसऱ्याला वासच नाही. उद्या बाजारातल्या त्या एकाच वाणावर रोग पडला तर नवं झाड आणायचं कुठून? या रानातूनच. पान चुरायचं, हुंगायचं, चार पानं पिशवीत भरायची, फांदीला तांबडी चिंधी बांधायची आणि पुढे सुटायचं. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला याहून झकास काम दुसरं कोणतं!

आणि सगळं रान पालथं घातल्यावर सगळ्यांत निराळा वास सापडला आपल्याच वस्तीच्या वरच्या अंगाला, मुरमाड उतारावर. पान चुरलं आणि कच्ची कैरी सोलल्यासारखा आंबट-हिरवा वास नाकात शिरला. मागून मिऱ्याचा झटका. धम्मानंदने डोळे मिटले. दुसऱ्या झुडपाकडे धावला, तोच वास. खडक ओलांडून तिसऱ्याकडे, तोच. उतारभर पसरलेल्या त्या झुडपांना एकच वास होता, आणि असा वास त्याने कुठे घेतला नव्हता, कुणाच्या लेखातही वाचला नव्हता. त्या दिवशी तो आईच्या हातची भाकरी न खाताच लातूरला परतला. मनिषाच्या नाकाशी पान धरून म्हणाला, "सांग, कशाचा वास?" ती म्हणाली, "लोणच्याच्या कैरीचा." त्याने तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

पुढे त्याच हिवाळ्यात वस्तीला पाण्याची टाकी मंजूर झाली. जी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या खालच्या विहिरीवर, मग टँकरमागे पळत आली, तिच्या दारात नळ येणार होता. उंचावरची जागा तीच, मुरमाड उताराची. पण तिथे तर धम्मानंदच्या तांबड्या चिंध्या. वस्तीतून डॉक्टर होणारा तो पहिलाच, त्यामुळे त्या चिंधीला हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी सुमनबाईने फोन केला.

"धम्मा, तुझ्या खुणा हायत तिथं. तू म्हणशील तर टाकी पल्याडच्या अंगाला घेऊ. समदे तयार हायत."

धम्मानंद तेव्हा एका कॉलेजातून दुसऱ्याकडे निघालेला, गाडीची किल्ली हातात. आपल्या कढीपत्त्यापायी वस्तीचं पाणी लांबायचं? त्याला नुसत्या विचाराने लाज वाटली. शिवाय पानं घेऊन झाली होती, ती तपासायला नांदेडला गेली होती, आणि एवढा उतारभर जो वाण पसरलाय तो शेजारच्या माळावर असणारच.

"काढा खुशाल," तो म्हणाला. "तसली झाडं लई हायत."

म्हणाला आणि विसरला.

नांदेडला त्याच्या मार्गदर्शक मॅडम होत्या. शांत बाई, बोलायच्या आधी चष्मा पुसायची त्यांची सवय, आणि त्या चष्मा पुसेपर्यंत धम्मानंदचा जीव टांगणीला लागायचा. तपासणीचा निकाल आला म्हणून त्यांनी बोलावलं तेव्हा तो पहाटेच्या एसटीने गेला. मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"तुमच्या उतारावरची झुडपं," त्या म्हणाल्या, "वेगवेगळी नाहीत. वंश तंतोतंत एक. ते एकच झाड आहे, धम्मानंद. मुळांवाटे पसरलंय."

गोडलिंबाला मुळांवरून पिलं फुटतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! दरवर्षी तो हे फळ्यावर चित्र काढून शिकवतो. पण उतारावर त्याने एकदाही बसून मूळ उकरलं नव्हतं. मूळ उकरायला जी बैठक लागते ती त्याच्याकडे कधी नव्हतीच. पान चुरलं की पुढचं झुडूप, ते झालं की त्याच्या पुढचं. आणि खरं म्हणजे तो वास त्याला इतका आवडला होता की पुष्कळ झाडांना तो असावा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"शेजारच्या माळावरची?" त्याने विचारलं.

"ती मी विद्यार्थी पाठवून मागवली होती, सगळी वेगळी. एकालाही हा वास नाही. हा वास एवढ्या एका झाडाचाच. आता त्याला डोळ्यांत तेल घालून जपा."

टाकीसाठी आपणच 'काढा खुशाल' म्हणालो होतो, ते धम्मानंदला आत्ता आठवलं. मॅडमना काहीही न सांगता तो तिथून सुटला.

नांदेड ते लातूर एवढा लांब रस्ता त्याने आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आईचा फोन लागेना. खाजाचा लागत होता, पण यंत्राच्या आवाजात तो कसला उचलतोय! टाकीचं काम खाजाच्याच जेसीबीला मिळालं होतं. लोह्याला बस थांबली तर हा खाली उतरून ड्रायव्हरच्या चहावर लक्ष ठेवून उभा. अहमदपूरला कंडक्टर वैतागून म्हणाला, "ओ सर, तुम्ही उभं राहिल्यानं गाडी जोरात पळत न्हाई." धम्मानंद बसला आणि पुन्हा उठला. उशीर झाला असेल, नसेल, खाजा आज आलाच नसेल, डिझेल संपलं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वस्तीवर पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उतार सपाट झाला होता. पांढरा मुरूम उघडा पडलेला आणि कडेला दगडमातीचा ढीग. खाजा यंत्राच्या सावलीत डबा खात होता.

"झाडं कुठायत?" धम्मानंद ओरडला.

"आरं, तूच म्हणलास ना काढा म्हणून?" खाजाचा घास हातातच राहिला. "तुझ्या चिंध्या काढून बाजूला ठिवल्यात मी. तुला लागतील म्हनून."

धम्मानंदला त्याच्यावर चिडायचं होतं, पण चिडणार कोणत्या तोंडाने? तो ढिगाऱ्यावर चढला आणि हातांनी माती उकरायला लागला. काय झालंय ते खाजाला नीट कळलं नव्हतं, पण त्याने डबा झाकला आणि लोखंडी सोंडेने ढीग हलक्या हाताने पसरून दिला. दिवस मावळेपर्यंत दोघांनी मिळून बोटाएवढ्या मुळांचे तुकडे वेचले. सुमनबाईने ओलं पोतं आणून दिलं.

लातूरच्या भाड्याच्या घराच्या गॅलरीत मनिषाने कुंड्या मांडल्या. त्यानंतर त्या घरात कुणाला स्वस्थता मिळाली नाही. धम्मानंद अंघोळीच्या आधी कुंड्या बघे, नंतर बघे, वर्गातून फोन करून विचारी, "काही फुटलं का?" मुळं एकेक करून सडली. शेवटी एका कुंडीत हिरवं टोक दिसलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. पानं मोठी व्हायची वाट पाहणं त्याला जमेना, तरी मनिषाने त्याला हात लावू दिला नाही. एक दिवस तिनेच एक पान तोडून त्याच्या हातात ठेवलं.

त्याने ते चुरलं. कढीपत्त्याचा वास आला. नुसता कढीपत्त्याचा, कोणत्याही भाजीवालीकडे मिळेल तो. त्याने नाक शिंकरून पुन्हा हुंगलं, मग मनिषाने. "कैरी न्हाईये," ती हळूच म्हणाली.

पान नांदेडला गेलं. मॅडमनी फोनवर सांगितलं, "वंश तोच आहे, शंका नाही. पण वास नुसता वंशातून येत नाही. तो मुरूम, ते ऊन, ती तहान, हे सगळं लागतं. कुंडीत त्याला सगळं आयतं मिळतंय. परत माळावर लावा आणि त्याला त्रास होऊ द्या."

पावसाळा सरताना त्याने रोप नव्या टाकीच्या वरच्या अंगाला मुरमात लावलं. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण केलं आणि सुमनबाईला बजावलं, "आई, लक्ष ठेव. पण एकदा जीव धरला की पाणी घालायचं न्हाई. एक थेंबबी न्हाई." सुमनबाईने मान हलवली.

पुढचा उन्हाळा भाजून काढणारा गेला. धम्मानंदची खात्री होती की आता वास येणार. परीक्षांची कामं संपताच तो गाडी काढून वस्तीवर आला आणि घरी न जाता थेट वर चढला. रोप कमरेएवढं झालं होतं. पानं रुंद, लुसलुशीत, हिरवीगार. एवढ्या उन्हात! त्याने पान चुरलं. कढीपत्ता. बुंध्याशी हात लावला, माती ओली.

तेवढ्यात सुमनबाई वर आली, हातात भरलेला तांब्या.

"आई, पाणी घालू नको म्हणलं होतं ना?"

"म्हणला व्हतास."

"मग?"

"पानं खाली पडली व्हती रे. हितं टाकी भरून सांडून राहिली अन् ह्याला तहानलेलं ठिवू? मला न्हाई बघवत." तिने तांब्या कलता केला आणि मुरमाने पाणी पिऊन घेतलं.

"अगं, तहानेनंच वास येतो त्याला!" धम्मानंदचा आवाज चढला. "जगात एवढ्या एका झाडालाच येत होता तो वास. तोच तर पायजे मला."

सुमनबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली नव्हती.

"तहान आमीबी लई काढली धम्मा," ती म्हणाली. "आमचा वास घ्यायला कुनी आलं न्हाई."

खाली वस्तीत कुणीतरी नळाखाली घागर लावली होती, तिचा भरत जाणारा आवाज वर येत होता. तो वास आता परत यायचा नाही, हे त्याला पक्कं कळलं, आणि आईला थांबवायला आपली जीभ रेटणार नाही, हेही. त्याने तिच्या हातातून तांब्या घेतला. अर्धं पाणी उरलं होतं. ते त्याने स्वतः बुंध्याशी ओतलं, आणि मग आईसमोरच त्याला रडू फुटलं.