आयच्या फोनवरचा अंक

प्राचार्यांच्या मनोगताशिवाय महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला आत्मा लाभत नाही. यंदा अंक प्रथमच वेबसाइटवर निघणार होता, म्हणून मनोगतासोबत त्यांचा भिंतीवर लावण्याएवढा फोटोही आला.

वेबसाइट करणारी मुलगी समुद्रकाठच्या एडवणची, दुसऱ्या वर्षाला. हे काम ती व्हिडिओ बघत शिकत होती. काहीही सांगितले की "बघते सर" म्हणायची आणि आधी चूक करून मग बघायची. एकदा सगळ्या कवितांच्या ओळी सलग जोडल्या गेल्या; ते फक्त कवींच्या लक्षात आले.

तिची कसोटी एकच. "आयच्या फोनवर उघडला तर झाला." अंकात तिचा पहिला लेख होता आणि तो आईने वाचायला हवा होता. पण फोटोपायी त्या जुन्या फोनवर पानच उघडेना.

ती थेट प्राचार्यांकडे गेली. संपादक म्हणून मी मागोमाग.

"सर, फोटो बारका करू?"

"का? उत्तम दिसतोय की!"

"तुमच्या फोनवर उघडा ना."

आम्ही तिघे त्यांच्या फोनवर फिरणारे चाक बघत उभे राहिलो.

"कर बारका," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, आईने अर्धा लेख वाचला. मग आई वाळलेले बोंबील काढायला गेली.