गावाचा वळू आणि बेल्मिरोची कालवड

लामेलास गावात कुणाची गाय अडली, फुगली किंवा खायची थांबली, की माणूस आधी बेल्मिरोच्या दारात येऊन उभा राहायचा. बेल्मिरो हातातलं काम पुरं करायचा, हात धुवायचा आणि मगच निघायचा. गोठ्यात गेल्यावरही गाईला लगेच हात लावायचा नाही. दारातच थांबून तिच्याकडे बघत राहायचा. घरधनी काही सांगू लागला की म्हणायचा, "तू गप्प बस. तिला सांगू दे."

पोर्तुगालच्या उत्तरेला, बारोझोच्या पठारावरच्या त्या गावात चौतीस घरं होती. बेल्मिरोकडे सहा जनावरं होती; सातवं त्यानं कधी ठेवलं नाही. ओढ्याकाठचं त्याचं कुरण हिवाळ्यात सहा तोंडांना पुरेल एवढंच वाळलं गवत द्यायचं. फ्रान्सला मजुरीला गेलेले गावकरी सुटीत येऊन त्याला म्हणत, "काका, जरा वाढवा की पसारा." तो हसून म्हणे, "पसारा वाढवणाऱ्यांची जनावरं मार्चमध्ये बघायला या. बरगड्या मोजता येतात."

चौदाव्या वर्षी त्याला मावशीनं एक तपकिरी गाय दिली होती. बुटकी, लांब शिंगांची, डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेली. बाकीची जनावरं आली नि गेली, पण त्या गाईची वेल त्यानं सत्तेचाळीस वर्षं तुटू दिली नाही. मुलीची मुलगी, तिची मुलगी, असं करत गल्यार्दापर्यंत. गल्यार्दा दोन हिवाळ्यांमागे बर्फात कड्यावरून घसरून गेली. तिच्यामागे राहिली ती मारेला ही एकुलती एक कालवड.

आणि मारेला गाभण राहत नव्हती. तीन वेळा वळू दाखवून झाला, तिन्ही वेळा उलटली; एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली.

बायको लॉरिंदानं विषय एकदाच काढला, पण पक्का काढला. "बेल्मिरो, तूच शिकवलंस मला. रिकामी गाय भरल्या गाईचं गवत खाते."

"शिकवलं खरं."

"मग सप्टेंबरच्या जत्रेपर्यंत बघू. गाभण असली तर राहील. नसली तर खाटकाच्या गाडीत चढेल. आणि चढवशील तू. मला सांगायचं नाही."

बेल्मिरोनं शब्द दिला. पण दोष मारेलाचा नाही, याबद्दल त्याला खात्री होती. दोष गावाच्या रिवाजाचा होता, आणि तीन वेळा आपण तोच रिवाज पाळला म्हणून थोडा आपलाही, असं त्याचं मत बनत चाललं होतं.

लामेलासचा वळू कुणा एकाचा नव्हता, गावाचा होता. नाव कप्तान. त्याचा दगडी गोठा गावाचा, कुरण गावाचं, आणि त्याला वैरण घालायची पाळी आठवड्याआठवड्यानं घरोघर फिरायची. ज्याची पाळी त्याच्याकडे गोठ्याची चावी. गाय माजावर आली की लोक तिला सकाळी, वळू कुरणात सोडण्याआधी, गोठ्यापाशी आणत. दार सकाळीच उघडायचं. संध्याकाळी जो तो आपापल्या शेतातून थकून येई, वळूपाशी कोण उभं राहणार? बापजाद्यांपासून असंच चाललं होतं.

पण आदल्या उन्हाळ्यात एक गंमत झाली होती. शेजारची एक गाय, दोनदा उलटलेली, संध्याकाळी दावं तोडून कप्तानच्या कुरणात शिरली. तिला परत आणताना मालकिणीनं सगळ्या गावाला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या. गाय मात्र त्या एका भेटीत फळली. बेल्मिरोनं ते मनात धरलं. नंतर वर्षभर तो गोठ्यागोठ्यांतून विचारत फिरला. कोणती गाय माजावर येऊन कधी हंबरू लागली, कधी नेली, राहिली की उलटली. बायका नीट सांगायच्या. पुरुषांना आठवायचं नाही. त्यातून त्याला दिसलं ते असं, की पहाटे हंबरू लागलेल्या गाईला लगेच नेण्यात काही अर्थ नव्हता. दिवस जाऊ द्यायला हवा होता.

ऑगस्टच्या सात तारखेला पहाटे मारेला हंबरली. शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव लोंबत होता. जत्रेआधी तिचं गाभणपण ठरायचं, तर हा शेवटचा माज होता. पुढच्या माजात नेली असती, तर राहिली की नाही हे कळण्याआधीच जत्रा उजाडली असती.

आणि नेमकी बंदी चालू होती. पंधरा तारखेला मारियामातेचा सण, आणि सणाला शेजारच्या फोन्तेला गावाच्या वळूशी कप्तानची झुंज. झुंजीआधी चाळीस दिवस वळूला गाय दाखवायची नाही, असा नियम. त्याची ताकद उतरते म्हणे. कप्तान अंधाऱ्या गोठ्यात मका आणि अंडी खात उभा होता.

बेल्मिरोनं दिवसभर गवत कापलं. ऊन कलल्यावर त्यानं मारेलाला दावं लावलं आणि गल्लीतून, सगळ्यांच्या खिडक्यांखालून, सरळ वळूच्या गोठ्याकडे नेलं. त्या आठवड्याची पाळी झुल्मिराची होती. सत्तरीची बाई, कंबरेत वाकलेली, जिभेत मात्र ताठ.

"काय रे, म्हातारपणी तुझं डोकं फिरलं का?"

"दार उघड, झुल्मिरामावशी."

"आठ दिवसांवर झुंज आहे. कप्तान हरला तर तो गावप्रमुख डेल्फिम माझी चामडी सोलून दारावर टांगेल."

"कप्तान सकाळ-संध्याकाळ मका आणि अंडी खातो, त्याची ताकद कुठं जाते? मग दोन मिनिटांच्या कामानं कशी उतरेल? तुला सहा मुलं झाली. तुझा नवरा मळणीला कधी कमी पडला?"

झुल्मिरा हसू दाबायला तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरून उभी राहिली. "मेल्या," ती म्हणाली, "त्या माणसाचं नाव कशाला काढतोस." आणि तिनं चावी फिरवली.

काम खरंच दोन मिनिटांचं होतं.

सणाच्या दिवशी दोन्ही गावं माळावर जमली. वळू समोरासमोर आले, शिंगं शिंगांत अडकली आणि रेटारेटी सुरू झाली. पाठ दाखवील तो हरला, एवढाच नियम. डेल्फिम टोपी हातात चुरगाळत ओरडत होता, "रेट, लेका, रेट!" कप्तान पाऊण तास हटला नाही. मग त्याचा मागचा पाय ओल्या गवतात घसरला, मान वाकडी झाली, आणि तो वळून चालू लागला. फोन्तेलावाले टोप्या उडवत नाचले. त्यांच्यातला एकजण मोठ्यानं म्हणाला, "लामेलासवाल्यांनो, याला आता नांगराला जुंपा!"

गावात त्या दिवशी भाजलेलं मांस कुणाला गोड लागलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात बैठक बसली. घरटी एक माणूस. डेल्फिम सगळ्यांत आधी उठला. "हा वळू काढून टाकू आणि फोन्तेलाच्या वळूचं गोऱ्हं आणू. पाठ दाखवणारा वळू या गावाला नको."

माना हलू लागल्या. कप्तान गवतावर घसरला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते कुणाला बोलायचं नव्हतं. तेव्हा बेल्मिरो उभा राहिला.

"कप्तानला दोष देऊ नका. बंदी मोडून मी माझी कालवड त्याला दाखवली. सात तारखेला, संध्याकाळी. झुल्मिरामावशी नको म्हणत होती, मीच..."

"मी कुठं नको म्हटलं?" झुल्मिरा मागून ओरडली. "खोटं सांगू नकोस देवाच्या दारात. माझ्या हातानं उघडलं मी दार."

अंगणात गलका झाला. डेल्फिमचा चेहरा लाल झाला. "बेल्मिरोकाका, तुमच्या एका कालवडीसाठी अख्ख्या गावाची मान खाली घातलीत?"

"मान ओल्या गवतानं खाली घातली, डेल्फिम. तूही पाहिलंस, मीही पाहिलं. पण नियम मी मोडला, दंड मी भरीन. हा हिवाळा कप्तानला मी एकटा पोसतो. पाळ्या बंद. तुम्हाला गवताची काडी द्यायला नको. मात्र चावी माझ्याकडे राहील, आणि वसंतापर्यंत त्याला कुणी विकायचं नाही."

"तुमच्याकडे सहा जनावरांचं गवत. सातव्याला काय घालणार, चर्चची घंटा?"

"ते माझं मी बघीन."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. हिवाळाभर पाळी नाही, हे सगळ्यांनाच बरं वाटलं. हात वर झाले. डेल्फिमचाही, सर्वांत शेवटी.

घरी चुलीवर कोबीचं सार ठेवताना लॉरिंदा म्हणाली, "आयुष्यभर सहा-सहा करत बसलास, आणि आता वळू आणलास होय घरात?"

"कुरणाच्या वरच्या बाजूचं काटेरी झुडूप काढू. तिथे वैरणीसाठी राय धान्य पेरू."

"काढू म्हणजे मी काढू."

"दोघं काढू."

दोघांनी मिळून ते काढलं. ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला, एकविसाव्या दिवशी, पहाटेपासून बेल्मिरो गोठ्याच्या दारात उभा होता. मारेला रवंथ करत होती. लॉरिंदा दूध काढायला आली, तिनं एकदा मारेलाकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "हंबरली?"

"नाही."

"संध्याकाळपर्यंत बघ."

संध्याकाळपर्यंत तो बघत राहिला, दुसऱ्या दिवशीही. मारेलानं तोंडातून आवाज काढला नाही. जत्रेच्या दिवशी खाटकाची गाडी रस्त्यावरून गेली, आणि लॉरिंदानं तिच्याकडे पाठ करून बटाटे खणले.

मारेला राहिली हे गावभर झालं, आणि सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी झुल्मिरा आपली गाय घेऊन आली. मग तिची जाऊ. मग पुलापलीकडचे दोघं. बेल्मिरो प्रत्येकाला विचारायचा, "कधी हंबरली? पहाटे? मग ठीक. दुपारी असती तर उद्या सकाळी ये म्हटलं असतं." ऑक्टोबरात, अंधार पडायच्या बेतात, डेल्फिम आला. मागे दाव्याला गाय.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "मेव्हण्याची."

"तिच्या कपाळावरचा चांद मी ती वासरू असल्यापासून ओळखतो, डेल्फिम."

डेल्फिमनं टोपी काढली. "चार वेळा उलटली काका. काय करू?"

"दावं इकडे दे. आणि जाताना थोडी वैरण टाकून जा. कप्तान मला वाटलं होतं त्याहून जास्त खातो."

त्यानंतर येणारा प्रत्येकजण गाईबरोबर गवताचा एक भारा आणू लागला. कुणी ठरवलं नव्हतं. मार्चमध्ये बेल्मिरोच्या सातही जनावरांच्या पाठी भरलेल्या होत्या, आणि वळू विकायची गोष्ट गावात पुन्हा निघाली नाही.

मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी, मारेला कुरणातच बसली. बेल्मिरोनं हात धुतले आणि दहा पावलांवर उभा राहिला. आधी दोन खूर दिसले, त्यावर ठेवलेलं नाक दिसलं. लॉरिंदा पुढे होऊ लागली तसा त्यानं तिचा दंड धरला.

"ओढू का?"

"नको. येतंय सरळ. तिचं तिला करू दे."

पाऊण तासात वासरू गवतावर होतं. मारेला उठली, वळली आणि त्याला चाटू लागली. लॉरिंदा वाकली, तिनं वासराची मागची तंगडी उचलून पाहिली, आणि तशीच, तंगडी हातात धरून, जोरात हसली.

"कालवड आहे रे बेल्मिरो!"

"मग," तो म्हणाला, "सातवीला जागा करायला हवी."

"आधी तिला चीक पाजू दे," लॉरिंदा म्हणाली, आणि वासराला मारेलाच्या कासेकडे ढकलू लागली.